प्रमोशन नको म्हणणारे सगळे भित्रे नसतात

महाराष्ट्र दिन जवळ आला की उद्योजक मेळाव्यांच्या मांडवात खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट हमखास निघते. टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक खेकडा वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. मग वक्ता आवाज चढवून म्हणतो, 'मराठी माणूस अपयशाला भीत नाही, तो यशाला भितो!' टाळ्या पडतात. दुसऱ्या बाजूची मंडळीही ठरलेलीच. त्यांच्या मते हा सगळा प्रेरणेच्या दुकानदारांचा माल. भांडवल नाही, ओळखीपाळखी नाहीत, जात आडवी येते, बाईपण आडवे येते; मनाबिनाचे नाव घेऊन खरे प्रश्न झाकू नका. पुढच्या वर्षी हेच वाद, हीच वाक्ये, फार तर टोपली नवी.

माझे म्हणणे असे: यशाची भीती खरी आहे. पण दहातल्या आठ जणांच्या बाबतीत ती मनाचा रोग नसते. यश पदरात पडले की आपल्याला काय काय भरावे लागेल, याचा तो अंदाज असतो, आणि बहुतेकदा बरोबर असतो. म्हणून ती भाषणाने जात नाही. भरणा कमी केला की जाते. उरलेल्या दोघांची भीती वेगळी. तिच्याशी ज्याचे त्यालाच भांडावे लागते. या दोन भीतींची सरमिसळ झाल्यामुळे आपला वाद वर्षानुवर्षे जागच्या जागी फिरतो आहे.

आधी त्या खेकड्यांचा निकाल लावू. ही टोपली मराठी नाहीच. फिलिपिन्समध्ये लोक हीच गोष्ट स्वतःबद्दल सांगतात, तितक्याच खात्रीने आणि तितक्याच कडवटपणे. वर चढणाऱ्याला खाली खेचण्याची हौस तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सने कायद्यातच बसवली होती. खापरीच्या तुकड्यावर नाव लिहून नागरिक मतदान करीत आणि नको झालेल्या माणसाला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवीत. ॲरिस्टायडिस या अथेन्सच्या पुढाऱ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका अडाणी माणसाने त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापरी दिली आणि 'यावर ॲरिस्टायडिस लिही' म्हणाला. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारल्यावर उत्तर आले, काही नाही, जो तो त्याला न्यायी म्हणतो ते ऐकून कान किटले. ॲरिस्टायडिसने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले म्हणतात. लोकशाही, नाटक आणि तत्त्वज्ञान देणाऱ्या शहराला हा मत्सर होता. मग एकट्या मराठी रक्तात तो कुठून शोधून काढायचा?

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे मला मेळाव्यांपेक्षा काउंटर जास्त ठाऊक. आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होत्या. बंडल हातात घेतल्या घेतल्या त्यांना कळायचे की यात नोट कमी आहे. प्रमोशनच्या परीक्षेचे परिपत्रक आले की मॅनेजर त्यांना केबिनमध्ये बोलवायचे आणि त्या हसत हसत परत यायच्या. एका संध्याकाळी कॅश जुळल्यावर मी त्यांना कारण विचारले, तेव्हा त्यांनी कोऱ्या पे-इन स्लिपच्या मागे हिशेबच मांडला. डावीकडे ऑफिसर झाल्यावर वाढणारा पगार. उजवीकडे कॅशचा विशेष भत्ता बंद, परगावी खोलीभाडे, दर आठवड्याचा येण्याजाण्याचा खर्च, सासूबाईंसाठी दिवसभराची बाई, मुलाच्या दहावीचा क्लास, कारण मग त्याचा अभ्यास घ्यायला घरात कोणी नसणार. रेघ मारून त्यांनी वजाबाकी केली तर आकडा उणे आला. मग त्या रेघेखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, पुढे आकडा न घालता: 'हे घरी सांगणे.'

वरच्या ऑफिसात अशा कर्मचाऱ्यांबद्दल एकच शेरा असायचा, 'जबाबदारी घ्यायला घाबरतात.' वस्तुस्थिती अशी की क्लार्कची बदली सहसा जवळपास होते, ऑफिसरची देशात कुठेही होऊ शकते. क्लार्कच्या कामाचे तास ठरलेले, जास्त थांबला तर ओव्हरटाइम. ऑफिसरला घड्याळ नाही. कर्ज थकले तर सहीवाल्याची चौकशी. सरकारी खात्यांतही चित्र फार वेगळे नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत पदोन्नती नाकारली तर वर्षभर पुन्हा विचारणा होत नाही आणि ज्येष्ठतेवर पाणी सोडावे लागते. हे सगळे माहीत असूनही माणसे नकारपत्र लिहून देतात. मग हे लोक घाबरट म्हणायचे, की हिशेबाला पक्के? ज्या बाईचा दिवसाअखेर एक रुपया चुकत नाही, ती स्वतःच्या आयुष्याच्या हिशेबातच तेवढी गोंधळते, असे समजायला काय आधार आहे?

सरकारलाही हे उमगले होते, असे दिसते. 2014 मध्ये अर्थ मंत्रालयाने सार्वजनिक बँकांना सूचना केली की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या नोकरीच्या गावी किंवा जवळ आणि अविवाहितांना आई-वडिलांजवळ नेमावे. ही सूचना कुठे किती पाळली जाते हा वेगळा वाद. पण उजवीकडची यादी लांब आहे, आणि ती कापता येते, याची ती कबुली होती. एका परिपत्रकाने खोलीभाडे आणि प्रवास खोडता येतो. शंभर भाषणांनी त्यातला रुपयाही कमी होत नाही.

धंद्यातही हेच. एमआयडीसीत चक्कर मारा, एकोणीस कामगारांवर थांबलेले कारखाने दिसतील. विसावा आला की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. एकाच गाळ्यात दोन पाट्या आणि दोन नावांनी दोन धंदे, मशिनांवर हात मात्र तेच, हा प्रकार तर इतका जुना आहे की त्याचे कोणाला हसूही येत नाही. फराळाचे काम करणाऱ्या बायका जीएसटीच्या चाळीस लाखांच्या मर्यादेच्या अलीकडे उलाढाल कशी राहील, याचे गणित मार्चमध्ये घालतात. कायदे चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. कामगाराचा निधी भरलाच पाहिजे. एवढेच म्हणतो की वाढणाऱ्याला एका पायरीवर एकदम मोठी रक्कम आणि कागदांचा भारा समोर दिसतो आणि तो पाय मागे घेतो. त्याला 'मोठी स्वप्ने बघ' हे सांगून काय होणार?

इथवर वाचून प्रेरणावाल्यांचा राग आला असेल, तर त्यांची जमेची बाजूही मांडतो, कारण ती भक्कम आहे. असे लोक असतात ज्यांच्यापुढे यादीच नसते. घर पाठीशी, पैसा आहे, बदली नाही, आणि तरी ऐन उंबरठ्यावर ते थबकतात. फ्रॉइडने 1916 मध्येच याची नोंद केली. यश मिळाल्यामुळेच कोसळणाऱ्या माणसांबद्दल त्याने लिहिले आणि त्यात एका प्राध्यापकाचे उदाहरण दिले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे आपल्या गुरूच्या जागी बसण्याची इच्छा धरून होता. गुरू निवृत्त झाले, सहकाऱ्यांनी याचीच निवड केली, आणि हा म्हणू लागला की माझी तेवढी लायकी नाही. मग नैराश्याने त्याला असे घेरले की पुढची काही वर्षे तो काहीच करू शकला नाही. इच्छा होती तोवर ठीक होता. ती पुरी होताच आजारी पडला. बाहेरच्या परिस्थितीने याचा उलगडा होत नाही, हे मान्यच करायला हवे.

हे प्राध्यापक आपल्याही ओळखीचे आहेत. पीएच.डी.चा प्रबंध टाइप होऊन कपाटात पडून आहे, पण 'एक संदर्भ तपासायचा राहिलाय'. अर्ज शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला भरायचा आणि वेबसाइट बंद पडली की मनातून हायसे वाटायचे. गिऱ्हाइकाने घासाघीस करण्याआधीच आपणच दर उतरवून सांगायचा. कौतुक झाले की 'अहो, मी काय केले, सगळे टीमचे' म्हणून ते झटकन दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचे. मुलाखतीच्या सकाळी पोट बिघडायचे आणि दुपारी ठणठणीत. आपल्याकडे याला नम्रता, परिपूर्णतेचा ध्यास, प्रकृतीची तक्रार अशी सभ्य नावे मिळतात, म्हणून ही भीती ओळखू येत नाही. प्रेरणावाले निदान तिला नावाने हाक मारतात, एवढे श्रेय त्यांचे.

चूक होते ती इथून पुढे. या थोड्यांचे निदान ते सगळ्यांना चिकटवतात. मानसशास्त्राने स्वतः ही चूक करून पाहिली आहे आणि तिचा इतिहास आपल्या वादाला फार उपयोगी आहे. 1960च्या दशकात मिशिगन विद्यापीठात मॅटिना हॉर्नर या संशोधिकेने विद्यार्थ्यांना गोष्टीचे पहिले वाक्य दिले. मुलींसाठी: पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲन आपल्या वैद्यकीय कॉलेजच्या वर्गात पहिली आली आहे. मुलांसाठी तेच वाक्य, फक्त ॲनच्या जागी जॉन. पुढे लिहा. मुलांनी जॉनला सुखात ठेवले. मुलींनी मात्र ॲनचे जे हाल केले ते वाचवत नाहीत. कुणी तिला एकटी आणि कुरूप केले. कुणी तिला पुढच्या सत्रात मुद्दाम कमी गुण घ्यायला लावून मित्राला पुढे काढले. एकीच्या गोष्टीत तर वर्गातली मुले तिला मारून कायमची जायबंदी करतात. 90 मुलींपैकी 59 जणींच्या लेखनात हॉर्नरला यशाची भीती दिसली. 88 मुलांपैकी 8 जणांच्या. झाले, बातमी पसरली: बायकांना यशाची भीती असते!

पुढे दुसऱ्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी ॲनची गोष्ट मुलग्यांनाही लिहायला दिली. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलग्यांनी ॲनवर मुलींपेक्षा जास्तच संकटे आणली. म्हणजे ही भीती मुलींच्या मनाच्या तळातून वर आलेली नव्हती. वैद्यकीय कॉलेजात पहिल्या येणाऱ्या मुलीचे पुढे काय होते, हे त्या समाजात मुलग्यांनाही माहीत होते आणि मुलींनाही. मुली ते स्वतःच्या वाट्याला येणार म्हणून लिहीत होत्या, इतकेच. त्यांनी भीती लिहिली नव्हती, बातमी लिहिली होती.

वैद्यकीय कॉलेजातल्या पहिल्या मुलीचे काय होते, हे आपल्यालाही कळायला अमेरिकेतल्या गोष्टीची गरज नव्हती. 1883 मध्ये आनंदीबाई जोशींनी सेरामपूरच्या सभेत इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले, तेव्हा रस्त्याने चालताना लोक कसे छळतात हेही त्यांनी सांगितले होते. त्या बिचकल्या नाहीत, हे खरे. 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही मिळाली, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. आपण त्यांचे नाव घेतो ते 'बघा, त्या घाबरल्या नाहीत' हे सांगण्यासाठी. पण त्या काळातल्या एखाद्या हुशार मुलीने ही हकीकत ऐकून शाळा सोडली असेल, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

आणि जातीचे काय? कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून डॉ. आंबेडकर 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशांच्या सरायीत उतरले. ते उघडकीस आले आणि काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्यांना शहर सोडावे लागले. कचेरीत शिपाई फायली दुरून टाकत होते. अपयशी माणसाच्या वाट्याला हा प्रसंग आलाच नसता. तो गावातच राहिला असता. वर चढल्यामुळे हा अपमान झाला. ज्या वस्तीने ही गोष्ट बापाकडून मुलाकडे सांगत ठेवली, त्या वस्तीतल्या पोराला बढतीच्या वेळी पोटात गोळा आला, तर 'मानसिकता बदला' हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता तुकोबांकडे वळतो, कारण त्यांनाही या खटल्यात आरोपी केले जाते. 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा' आणि 'ठेविले अनंते तैसेचि रहावे' या ओळींनी मराठी माणसाला छोटे राहायला शिकवले, असा तो आरोप. पहिल्या अभंगाची पुढची ओळ वाचा: 'ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार'. यात भित्रेपणा कुठे आहे? सतराव्या शतकातल्या मुलखात जो उंच दिसे त्यालाच टोचणी बसे, हे डोळे उघडे ठेवून केलेले निरीक्षण आहे. तुकोबांनी स्वतः अंकुशाला भिऊन लिहिणे थांबवले काय? शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये म्हणून त्यांना विरोध झाला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या असे परंपरा सांगते, आणि तरी अभंग थांबले नाहीत. त्यांनी लहानपण मागितले ते देवापाशी. लोकांपुढे ते तसूभरही लहान झाले नाहीत. भाषण सजवण्यासाठी पहिली ओळ घ्यायची आणि पुढची सोडायची, ही सवय वक्त्यांची.

दृष्ट लागण्याचे प्रकरणही असेच. फ्लॅटचे बुकिंग झाले तरी करार होईपर्यंत 'कुणाला बोलू नका', परदेशी नोकरीचे पत्र आले तरी व्हिसा लागेपर्यंत चिडीचूप, आणि सगळे पार पडल्यावर मीठमोहऱ्या उतरवायच्या. अंधश्रद्धा म्हणून हसायला हरकत नाही. पण यश लपवण्यामागे पैशाचे कारण असते, हे केनियाच्या खेड्यांत प्रयोग करून दिसले आहे. तिथल्या काही स्त्रियांना जवळचे नातेवाईक हजर असताना रक्कम गुंतवायला दिली, तेव्हा त्यांनी कमी फायद्याचा पण कमाई लपवता येणारा पर्याय निवडला. जास्त मिळाले की मागणाऱ्यांची रांग लागणार, हे त्या जाणून होत्या. आपल्याकडे नोकरी लागलेल्या पहिल्या मुलाला गावाकडून येणारे फोन आठवा. पुतण्याची फी, आत्याचे ऑपरेशन, देवळाची वर्गणी. नाही म्हटले की 'साहेब झाला, विसरला'. दृष्ट लागते ती अशी.

राहिला सगळ्यात अवघड आक्षेप. लक्ष्मणराव किर्लोस्कर परिस्थिती बदलायची वाट बघत बसले काय? मुंबईतल्या तंत्रसंस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा ते बेळगावात आले आणि सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत गेले. लोखंडाने जमीन नासते, असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकायला त्यांना वर्षे घालवावी लागली. यादी त्यांच्यापुढेही होती. मान्य. पण त्यांच्या चरित्रातले एक पान वक्ते नेहमी उलटून टाकतात. बेळगावात जागेचा प्रश्न आला तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, आणि 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. माणूस धीट होता यात शंका नाही; पण त्या धीटपणाला जमीनही मिळाली.

धीट माणसे प्रत्येक पिढीत निघतातच. बाकीच्यांचे काय करायचे, हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर याच मातीत एकदा दिले गेले आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला सगळ्या जातींची पोरे एका बोर्डिंगात, एका पंगतीत बसवली. फुकट जेवण आणि छप्पर हा त्यातला दिसणारा भाग. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा. गावातून एकटा शिकायला निघालेला पोरगा परतला की गावाला परका आणि शहरालाही परकाच. पण एका खोलीत तसे दहा जण असले, तर परकेपणा दहा जणांत वाटला जातो. आपण पुढे गेलो म्हणजे आपल्या माणसांना सोडले, ही टोचणी बोथट होते, कारण आपली माणसे शेजारच्या चटईवरच असतात. यशाची भीती घालवण्याचा याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही, आणि त्यात भाषण सगळ्यात शेवटी येते.

मग ज्याचे त्याने काय करायचे? एक कसोटी सांगतो, बँकवाल्याची आहे म्हणून रुक्ष वाटेल. कागदाच्या उजवीकडे जे जे भरावे लागेल ते लिहा आणि मग कल्पना करा की हे सगळे कोणीतरी माफ केले. आता जाल? 'लगेच' असे उत्तर आले, तर तुमच्यात काही बिघाड नाही. एकेक बाब घेऊन वाटाघाटी करा: बदलीचे गाव, मुदत, घरातल्या कामाची वाटणी, गावाकडे दरमहा किती पाठवणार याचा आधीच ठरवलेला आणि सगळ्यांना सांगितलेला आकडा. तो आकडा ठरलेला असला की प्रत्येक फोनला वेगळे 'नाही' म्हणावे लागत नाही. पण सगळे माफ होऊनही पाय उचलत नसेल, तर यादी हा बहाणा होता, आणि मग खेकडे, परिस्थिती, तुकोबा यांपैकी कोणाच्याही मागे लपायची सोय नाही. प्रबंध आहे तसा, त्या एका संदर्भाशिवाय, सोमवारी विद्यापीठात द्यायचा. दर सांगून झाला की तोंड मिटून बसायचे, समोरचा बोलेपर्यंत. त्या पहिल्या काही मिनिटांत जीव कासावीस होतो. तो होऊ द्यायचा, कारण त्याने काही बिघडत नाही हे अंगाला कळायला दुसरा रस्ता नाही. आणि झोप, भूक उडण्यापर्यंत गोष्ट गेली तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे.

हेड कॅशियर बाईंची शेवटची ओळ या दोन्हींच्या मधली होती. 'हे घरी सांगणे' याला परिपत्रक नाही आणि औषधही नाही. घरातल्या बाकीच्यांनी यश मिळवणाऱ्या बाईकडे बघण्याची नजर त्यात गुंतलेली आहे, आणि ती बदलण्याचे काम बाईंवर टाकून मोकळे होणे हा आपला आवडता उद्योग आहे. मेळावे भरवणाऱ्यांना म्हणूनच एक सुचवतो. पुढच्या वेळी व्यासपीठावर यशस्वी उद्योजकाच्या शेजारी त्याची बायको, धाकटा भाऊ आणि पहिला कामगार यांनाही खुर्च्या द्या, आणि तुम्हाला काय काय भरावे लागले, असे त्यांना माइकवर विचारा. उद्योजक बाई असेल तर नवऱ्याला आणि सासूला विचारा. काही श्रोते घाबरून घरी जातील. पण हे सगळे ऐकून ज्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ज भरला, त्यांना पुढच्या वर्षी भाषण ऐकायला यावे लागणार नाही.